टाळ कोणते, खरखर कोणती : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

विंडोज १० चे नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि त्यानंतर या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलला. पूर्वी ‘लिनक्स म्हणजे काय’ असे विचारले जाई. आता वाचकांनी जुन्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली घेतलेली असते आणि प्रश्न थेट कामाचा असतो. या अंकात मराठवाड्यातून आलेली अशी पाच पत्रे घेतली आहेत. पत्रे थोडक्यात दिली असून लेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न : माझे वडील कीर्तन करीत आणि भारुडेही म्हणत. साधारण १९८६ ते १९९४ या काळातील त्यांच्या एकतीस कॅसेट घरातील लोखंडी पेटीत आहेत. पुतण्याने लिनक्स मिंट घालून दिलेला लॅपटॉप माझ्याकडे आहे. टेपरेकॉर्डर दुरुस्त करून घेतला आणि एक कॅसेट मोबाईल समोर ठेवून उतरवली, पण तिच्यात खरखर आणि पंख्याचा आवाजच अधिक आहे. खरखर पूर्णपणे काढून टाकणारे मोफत सॉफ्टवेअर कोणते? (अंबाजोगाई, जि. बीड)

उत्तर : आपल्या कामासाठी ऑडॅसिटी हे आवाज मुद्रित करून सुधारण्याचे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात त्याचे काम सुरू झाले, २००० साली ते लोकांच्या हाती आले आणि मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये ते आजही मिळते. मात्र ‘पूर्णपणे’ हा शब्द आपण मागे घ्यावा, अशी माझी विनंती आहे. त्याचे कारण पुढे येईलच. आधी कॅसेटकडे वळू, कारण निम्मी खरखर संगणकापर्यंत पोहोचूच नये यासाठी काही गोष्टी करता येतात.

मोबाईल समोर ठेवून कॅसेट उतरवू नये. टेपरेकॉर्डरला लाइन-आउटची खोबण असेल तर तिथून, नसेल तर हेडफोनच्या खोबणीतून वायरने आवाज घ्यावा. डेस्कटॉप संगणकाला मागे निळ्या रंगाची लाइन-इन खोबण असते, ती याच कामाची. गुलाबी खोबण माइकची असते आणि तिच्यात हा जोरकस संकेत घातला तर आवाज फाटतो. लॅपटॉपला बहुधा एकच सामाईक खोबण असते, म्हणून लाइन-इन असलेले लहानसे यूएसबी साउंड कार्ड घेणे बरे. टेपरेकॉर्डरचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसावे. कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे फिरवून मगच वाजवावी, कारण तीस वर्षे एका जागी पडून राहिलेल्या फितीचे पदर एकमेकांना चिकटलेले असतात. एवढे करूनही आवाज घोंगडीखालून आल्यासारखा वाटला, तर हेडच्या शेजारचा छोटा स्क्रू अगदी अर्धा-पाव फेरा इकडे-तिकडे करून पाहावा आणि टाळ सर्वांत लख्ख ऐकू येतील तिथे थांबावे. ज्या यंत्रावर कीर्तन मुद्रित झाले त्याच्या हेडचा कोन आणि आपल्या यंत्राच्या हेडचा कोन जुळवण्याचा हा प्रकार आहे. त्याने जो फरक पडतो, तो नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने पडत नाही.

ऑडॅसिटीत मुद्रण करताना आवाजाची सर्वोच्च पातळी उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असे पाहावे. गजर टिपेला पोहोचतो तिथे पातळी तपासावी. सुरुवातीच्या निरूपणावर भरवसा ठेवू नये.

आता खरखरीविषयी. ‘नॉइज रिडक्शन’ या सोयीला आधी नुसत्या खरखरीचा दोन-तीन सेकंदांचा नमुना निवडून द्यावा लागतो. हा नमुना कॅसेटच्या अगदी आरंभीचा घेऊ नये, कारण तिथे बहुधा चुंबकीय लेप नसलेली कोरी पट्टी असते आणि तिला स्वतःचा आवाज नसतो. वडील बोलायला लागण्यापूर्वी किंवा दोन अभंगांच्या मधे जी शांतता असेल, ती घ्यावी. हे साधन ऐकत नाही, मोजते. नमुन्यात कोणत्या कंपनसंख्येला किती ऊर्जा आहे ते टिपून ठेवते आणि पुढे त्या पातळीच्या खाली जे येईल ते उतरवत जाते. नेमकी इथेच कीर्तनाच्या ध्वनिमुद्रणाची अडचण आहे. टाळाचा ठोका जोरकस असतो, तो वाचतो. पण ठोक्यानंतर रेंगाळणारी आस विरत विरत खरखरीच्या पातळीत शिरते, आणि खरखर व टाळ दोघांचेही घर वरच्या कंपनसंख्यांतच असल्यामुळे यंत्राला त्यांच्यात भेद करता येत नाही. परिणामी टाळ काठीने फळी ठोकल्यासारखे वाजू लागतात आणि माणसाचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. म्हणून घट ६ डेसिबलपेक्षा जास्त ठेवू नये, आणि तिथे असलेल्या ‘रेसिड्यू’ या पर्यायावर टिचकी मारून काय काढले जात आहे तेच ऐकावे. त्या काढलेल्या कचऱ्यात टाळ ओळखू आले की आपण हद्द ओलांडली असे समजावे.

विजेची घूं घूं मात्र वेगळी आहे. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची, म्हणून ती ५०, १०० आणि १५० हर्ट्झ या ठिकाणी बसलेली असते. पुष्कळजण खालचे सगळेच कापणारा ‘हाय-पास’ फिल्टर लावून मोकळे होतात. नुसत्या भाषणाला ते चालते, पण पखवाजाच्या धुमेवर (डाव्या तोंडावर) कणीक लावून जो खर्ज मिळवलेला असतो, तोही त्याबरोबर जातो. ‘नॉच’ फिल्टरने तेवढ्या तीन जागाच टोचून काढाव्यात. ओवीच्या आधी घसा साफ केल्याचा आवाज, मागे कुणाचे तरी लेकरू रडल्याचा आवाज, हे ठेवावे की काढावे ते आपण ठरवावे. मी असतो तर ठेवले असते.

साठवणुकीबद्दल एक सांगायलाच हवे. एका तासाची स्टिरिओ वेव्ह फाइल सुमारे ६३५ एमबीची होते, म्हणजे साठ मिनिटांच्या एकतीस कॅसेट जवळपास २० जीबीत बसतात. फ्लॅक या मुक्त स्वरूपात त्या पुष्कळ आटोपशीर होतात आणि आवाजातील काहीही गळत नाही. नातेवाइकांना पाठवायला एमपी३ करावी, पण स्वच्छ न केलेली मूळ उतरवणी फ्लॅकमध्ये दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी. माझ्या हातून झालेली चूक यासाठी सांगतो. आजीच्या जात्यावरच्या ओव्या मी ऑडॅसिटीच्या जुन्या आवृत्तीत उतरवल्या होत्या. त्या काळी प्रकल्पाची एक लहान फाइल असे आणि खरा ध्वनी तिच्या शेजारच्या फोल्डरमध्ये असे. मी संगणक फॉरमॅट करण्यापूर्वी तेवढी लहान फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि निर्धास्त झालो. आज ती फाइल आहे, तिला आजीचे नाव आहे, आणि ओवी एकही नाही. मार्च २०२१ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून सगळे एकाच फाइलमध्ये राहते, तरीही ‘सेव्ह’ (ऑडॅसिटीचा प्रकल्प जपणे) आणि ‘एक्स्पोर्ट’ (कुठेही वाजणारी ध्वनिफाइल काढणे) यांतील फरक ध्यानात असू द्यावा.

प्रश्न : आमचा लग्नाच्या चित्रीकरणाचा लहान व्यवसाय आहे. संगणकात आय-३ प्रोसेसर आणि ८ जीबी मेमरी आहे. एक कॅमेरा आणि दोन मोबाईल असे तिहेरी चित्रीकरण आम्ही करतो. केडेनलाइव्ह हे चित्रफीत संपादनाचे सॉफ्टवेअर घेतले, पण मोबाईलच्या चित्रीकरणात दहा मिनिटांनंतर आवाज आणि चित्र यांचा मेळ सुटतो. ‘सावधान’ आधी ऐकू येते आणि अक्षता नंतर पडतात. शिवाय संगणक अडखळतो. सॉफ्टवेअर बदलावे काय? (परभणी)

उत्तर : सॉफ्टवेअर बदलल्याने हा दोष जाणार नाही, कारण तो मोबाईलच्या फाइलमध्ये आहे. कॅमेरा सेकंदाला ठरलेल्या चौकटी (फ्रेम) टिपतो. मोबाईल मात्र उजेड कमी झाला की प्रत्येक चौकटीला जास्त वेळ देतो, त्यामुळे सेकंदाला कधी तीस तर कधी चोवीसच चौकटी मिळतात. संपादनाचे सॉफ्टवेअर चौकटी समान अंतराने मांडते आणि ध्वनी आपल्या घड्याळाने चालतो. दहा मिनिटांत त्यांची फारकत होते. केडेनलाइव्हच्या अलीकडच्या आवृत्त्या अशी फाइल आत घेतानाच ती संपादनाला सोयीच्या स्वरूपात बदलून घेण्याविषयी विचारतात. त्या सूचनेला आपण बहुधा ‘नको’ म्हणत असाल. तिला होकार द्यावा, किंवा आधी हँडब्रेक या चित्रफितीचे स्वरूप बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून फाइल बदलून घ्यावी. नव्या फाइली जागा खातात. हे काम झाले की त्या पुसता येतात.

प्रकल्प २५ चौकटींचा ठेवावा आणि मोबाईलच्या कॅमेऱ्यात शक्य असेल तर २५ चौकटी व शटर १/५० सेकंद असे ठरवून द्यावे. मंगल कार्यालयातील ट्यूबा आणि स्वस्त एलईडी माळा ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात. डोळ्याला ते कळत नाही, पण ३० चौकटींच्या चित्रीकरणात पडद्यावरून काळसर पट्टे सरकताना दिसतात. आपण त्याचा उल्लेख केलेला नाही, तरी आपल्या ग्राहकांनी तो पाहिला असण्याची शक्यता आहे.

संगणक अडखळतो त्यावर उपाय ‘प्रॉक्सी क्लिप’ हा आहे. प्रकल्पाच्या सेटिंगमध्ये तो चालू केला की केडेनलाइव्ह प्रत्येक मोठ्या फाइलची लहान नक्कल तयार करते. आपण कापाकापी नकलेवर करता आणि शेवटचे रेंडर (अंतिम चित्रफीत तयार करणे) मात्र मूळ फाइलींवरून होते. रात्री नकला करायला लावाव्यात आणि सकाळी कामाला बसावे. तिन्ही चित्रीकरणांचा ध्वनी एकमेकांशी जुळवण्यासाठी टाळी शोधत बसण्याची गरज नाही. एका क्लिपला ध्वनीचा संदर्भ ठरवून बाकीच्या तिच्याशी जुळवण्याची सोय उजव्या टिचकीच्या मेनूत आहे, आणि बँडचा आवाज सगळीकडे असल्यामुळे लग्नात ती चांगली चालते.

केडेनलाइव्हची नवी आवृत्ती वर्षातून तीनदा, एप्रिल, ऑगस्ट आणि डिसेंबरमध्ये येते. मिंट किंवा उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांच्या सॉफ्टवेअर भांडारातील आवृत्ती बरीच मागे असते, म्हणून फ्लॅटपॅक (कोणत्याही लिनक्सवर चालणारे तयार पॅकेज) घ्यावे. एवढे सांगूनही एक गोष्ट मोकळेपणाने लिहितो. लग्नाच्या धंद्याला लागणारी तयार सजावटीची टेम्पलेटे सशुल्क सॉफ्टवेअरसाठी बाजारात ढिगाने मिळतात, तशी इथे मिळत नाहीत. ती हाताने घडवावी लागतात. तेव्हा भर लग्नसराईत बदल करू नये. चातुर्मासात तारखा नसतात, तेवढ्या दिवसांत हात बसवून घ्यावा आणि तुळशीच्या लग्नानंतर नव्या साधनावर कामे घ्यावीत.

प्रश्न : गावातील अखंड हरिनाम सप्ताहाचे कीर्तन पुण्या-मुंबईला कामासाठी गेलेल्या मंडळींना थेट दाखवायचे आहे. मागील वर्षी ओबीएस हे थेट प्रक्षेपणाचे आणि मुद्रणाचे सॉफ्टवेअर वापरले. चित्र सारखे अडकले, आणि सातव्या दिवशी वीज गेली तेव्हा संगणकात होत असलेले मुद्रणही उघडेनासे झाले. काल्याचे कीर्तन गेले ते गेलेच. (सेनगाव तालुका, जि. हिंगोली)

उत्तर : काल्याचे कीर्तन गेल्याची हळहळ समजू शकते, आणि ते टाळता येण्यासारखे होते. ओबीएसमध्ये मुद्रणाचे स्वरूप आपण साधे एमपी४ ठेवले असावे. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका मुद्रण थांबवताना शेवटी लिहिली जाते. मधेच वीज गेली तर आतला मजकूर असूनही तो कुठे काय आहे हे कोणत्याच प्लेअरला कळत नाही. एमकेव्ही हे मुक्त स्वरूप निवडले, तर वीज जाण्याच्या क्षणापर्यंतचे सगळे शाबूत राहते. नंतर ‘रीमक्स’ केले की दर्जा न घटता काही मिनिटांत त्याचे एमपी४ होते. ज्या भागात भारनियमन आहे, तिथे दुसरे स्वरूप वापरूच नये असे माझे मत आहे.

चित्र अडकते ते अपलोडच्या वेगामुळे. मोबाईलवर वेग तपासताना आपण डाउनलोडचा आकडा पाहतो, इथे उपयोग दुसऱ्या आकड्याचा. तोही दुपारी मोजू नये. रात्री नऊला, मंडप भरलेला आणि शे-दोनशे मोबाईल त्याच टॉवरवर असताना मोजावा. मिळालेल्या वेगाच्या निम्म्याहून थोडा जास्त बिटरेट (सेकंदाला पाठवायचा डेटा) ठेवावा. ७२० ओळींच्या चित्राला साधारण २५०० केबीपीएस (किलोबिट प्रतिसेकंद) लागतात आणि दोन तासांच्या कीर्तनाला ध्वनी धरून सुमारे २.४ जीबी डेटा जातो. तेवढा वेग नसेल तर खुशाल ४८० ओळी आणि १००० केबीपीएस ठेवावेत. बुवा एका जागी उभे असतात. चित्र थोडे मऊ असले तरी कुणाची तक्रार येत नाही, शब्द तुटला की मात्र लगेच फोन येतो. ओबीएसच्या प्रगत सेटिंगमध्ये वेग घसरल्यास बिटरेट आपोआप उतरवण्याची सोय आहे, तीही चालू ठेवावी.

ध्वनी कॅमेऱ्याच्या माइकवर घेऊ नये. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून लाइन घ्यावी आणि लॅपटॉप व मिक्सर एकाच बोर्डावरून चालवावेत, म्हणजे घूं घूं येण्याचे भय कमी होते. इन्व्हर्टरवर लॅपटॉपाबरोबर राउटरही घ्यावा, हे सांगायला साधे वाटते पण नेमके तेच विसरले जाते. यूट्यूबवर नवे चॅनल असेल तर थेट प्रक्षेपण पहिल्यांदा सुरू व्हायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, तेव्हा दीपप्रज्वलनाच्या दिवशी खाते काढायला बसू नये.

प्रश्न : आमच्या केंद्रातील अकरा शाळांच्या शिक्षकांची पंधरवड्याला ऑनलाइन बैठक असते. मोफत मर्यादेत बैठक मधेच तुटते म्हणून जित्सी हे ऑनलाइन बैठकीचे मुक्त सॉफ्टवेअर वापरून पाहिले. काहींचे चित्र गोठते, आणि माझ्या लिनक्स लॅपटॉपवर ब्लूटूथ हेडसेट लावला की आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. (औसा, जि. लातूर)

उत्तर : डब्यातल्या आवाजाचा दोष ना जित्सीचा, ना लिनक्सचा. जुन्या पद्धतीचे ब्लूटूथ एकतर चांगला आवाज ऐकवते, नाहीतर माइक चालू करून ऐकणे-बोलणे दोन्ही करते. माइक चालू झाला की दर्जा टेलिफोनच्या पातळीवर येतो. ध्वनीच्या सेटिंगमध्ये इनपुट म्हणून लॅपटॉपचाच माइक निवडला तर हेडसेटमधून पुन्हा स्वच्छ ऐकू येईल. त्याहून सोपे म्हणजे मोबाईलबरोबर मिळालेला वायरचा हेडफोन वापरावा.

चित्र गोठण्याचे कारण असे. जित्सीत दोघेच बोलत असतील तर त्यांचे संगणक थेट जोडले जातात, पण तिसरा आला की सगळे सर्व्हरमार्गे चालते आणि प्रत्येकाकडे इतरांची चित्रे स्वतंत्र प्रवाहांनी येत राहतात. अकरा शाळांतील सगळ्यांची चित्रे वाडी-तांड्यावरील नेटवर्कला झेपणार नाहीत. परफॉर्मन्सच्या सेटिंगमध्ये चित्रे बंद करून फक्त ध्वनी ठेवता येतो, आणि ध्वनीसाठी वापरली जाणारी ओपस ही २०१२ साली प्रमाणित झालेली पद्धत इतकी काटकसरी आहे की ६ केबीपीएसवरही ती बोलणे पोहोचवू शकते. ज्या गुरुजींचे नेटवर्क कच्चे आहे त्यांनी तेवढेच वापरावे. बोलणाऱ्याने मात्र चित्र चालू ठेवावे, कारण नुसता काळा पडदा पाहून सभा ऐकणे अवघड असते. जित्सीच्या सार्वजनिक सर्व्हरवर ऑगस्ट २०२३ पासून सभा सुरू करणाऱ्याला खात्यातून प्रवेश करावा लागतो. बाकीच्यांनी दुव्यावर टिचकी मारली की पुरे.

फळ्यावर लिहून शिकवायचे असेल, गट पाडायचे असतील, तर कॅनडातील कार्लटन विद्यापीठात २००७ साली सुरू झालेले बिगब्लूबटन हे ऑनलाइन वर्गाचे सॉफ्टवेअर अधिक सोयीचे आहे. पण त्याला आठ कोअर आणि १६ जीबी मेमरीचा स्वतंत्र उबुंटू सर्व्हर लागतो. हे एका केंद्राचे काम नाही. जिल्ह्याच्या प्रशिक्षण संस्थेने मनावर घेतले तरच होईल, आणि तशी मागणी आपण लेखी करावी.

प्रश्न : जिंप या छायाचित्र संपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फ्लेक्सचा मजकूर तयार करतो. छपाईवाल्याकडे गेल्यावर वेलांट्या-मात्रा सरकतात. शिवाय, मोफत सॉफ्टवेअरवर केलेले काम विकले तर कायद्याची अडचण येते काय? (जालना)

उत्तर : दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण ते लहान आहे : येत नाही. जिंपचा जीपीएल हा मुक्त परवाना त्या सॉफ्टवेअरला लागू आहे, आपण त्यात काढलेल्या चित्राला नाही. फक्त फॉन्टचा परवाना पाहावा. ‘मुक्ता’सारखे देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्याने मिळतात आणि ते व्यवसायाला निर्धास्त वापरता येतात.

मात्रा सरकतात त्या छपाईवाल्याकडे आपला फॉन्ट नसल्यामुळे, किंवा त्याच्याकडील जुने सॉफ्टवेअर युनिकोड मराठी नीट जुळवत नसल्यामुळे. फ्लेक्सचा मजकूर जिंपऐवजी इंकस्केप या रेखाकृतींच्या सॉफ्टवेअरमध्ये मांडावा, छायाचित्र तेवढे जिंपमध्ये सुधारून आत घ्यावे, आणि शेवटी सर्व मजकूर निवडून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करावा. अक्षरे तिथे अक्षरे राहत नाहीत, आकार होतात, आणि आकारांच्या मात्रा सरकत नाहीत. पण पाथ करण्यापूर्वीची प्रत वेगळी जपून ठेवावी. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांची यादी शेवटच्या तासात किती वेळा बदलते, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल.